थर्मल चित्रांमागच्या हातांचे आभार

त्वचेचं तापमान स्थिरावेपर्यंत बाह्या दुमडून थंड खोलीत निमूट बसलेल्या सगळ्या स्वयंसेवकांचे मनापासून आभार. आम्ही सांगितलं म्हणून तुम्ही चहा टाळलात, क्रीम लावलं नाहीत, हातावर हातही चोळला नाहीत. त्वचेची उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची चित्रं स्वच्छ आली ती त्यामुळेच.

त्वचेची उत्सर्जकता (आदर्श पृष्ठभागाच्या तुलनेत उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकण्याची क्षमता) साधारण ०.९८; सॉफ्टवेअरमध्ये हा एक आकडा चुकला की सगळी तापमानं सरकतात. हे शेजारी बसून, न कंटाळता समजावणाऱ्या प्रयोगशाळेतल्या ताईंचे ऋण फार मोठे आहेत.

मोफत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अनोळखी मंडळींनो, डाव्या-उजव्या तळव्यांची बोटागणिक तुलना तुमच्यामुळे जमली. आणि उशिरापर्यंत आमच्यासाठी थांबून मग कुलूप लावणारे काका, तुमचेही खूप खूप आभार!