गालिच्यावरचा डाग आणि बोअरचे पाणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की गालिचे-सतरंज्या स्वच्छ करण्याच्या घरगुती कृती सगळीकडे छापून येतात. त्यात एक कृती हमखास असते : डागावर खाण्याचा सोडा टाका, वरून व्हिनेगर ओता, फेस आला की ब्रशने घासा. फेस दिसतो म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण सोडा आणि व्हिनेगर एकमेकांची ताकद मारतात, वायू उडून जातो आणि गालिच्यात खारट पाणी उरते. घासण्याने लव पिंजारते ती वेगळीच, आणि पिंजारलेली लव पुन्हा बसत नाही. अशी कृती छापताना निदान एवढे तरी विचारावे, की गालिचा कशाचा आहे?

ते घरच्या घरी कळते. कडेचा एक धागा चिमट्यात धरून थाळीवर जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर. कागदासारखा जळला तर सुती. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रोपिलीन. लोकरीला सोडा आणि ब्लीच दोन्ही वर्ज्य, ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. 'डाग खाणाऱ्या' एन्झाइमच्या बऱ्याच पावडरीही लोकरीला चालत नाहीत, कारण लोकर हेही प्रथिनच.

आपल्याकडचा सगळ्यात अवघड डाग हळदीचा. वसमत-हिंगोलीच्या पट्ट्यात तर हळदीचा कार्यक्रम झाला की गालिच्यावर पिवळे ठसे ठरलेलेच. लोक घाईने साबण लावतात आणि डाग लालभडक होतो. गालिच्याचा रंग गेला असे वाटून मग आणखी साबण, आणखी पाणी. प्रत्यक्षात हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच प्रकार इथे साबणातल्या क्षाराने घडलेला असतो. एक भाग पांढरे व्हिनेगर, दोन भाग पाणी असे कापडाने टिपले की लाली उतरून डाग पुन्हा पिवळा होतो.

कोरडी हळद सांडली असेल तर पाण्याचा थेंबही लावू नये, आधी व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. ओली असेल तर चमच्याने कडेकडून मध्याकडे खरवडावी. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणून पांढऱ्या सुती फडक्याला सर्जिकल स्पिरिट लावून दाबत टिपावे आणि दर वेळी फडक्याची कोरी बाजू घ्यावी. स्पिरिट गालिच्यावर ओतू नये, पाठीमागचा चिकटवलेला थर सुटतो. जवळ शेगडी, समई, उदबत्ती नको. उरलेल्या पिवळेपणाला ऊन हेच औषध, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. मात्र उन्हाने गालिच्याचा स्वतःचा रंगही उतरतो, म्हणून डाग तेवढा उघडा ठेवून बाकी भागावर जाड चादर टाकावी.

दुधाच्या चहाला गरम पाणी लावू नये, त्याने दुधातले प्रथिन धाग्याला धरून बसते. आधी कोरड्या फडक्याने टिपावे, मग अर्धा लिटर थंड पाण्यात पाव चमचा भांड्याचे लिक्विड घालून टिपावे. उरलेल्या तपकिरी छटेला वरचेच व्हिनेगरचे पाणी. रक्तालाही थंडच पाणी. तेल सांडले तर कॉर्नफ्लोअर पसरून तीन-चार तास ठेवावे. बेसन नको, ते स्वतःच पिवळे पडते.

काळ्या मातीचा चिखल मात्र ओला असताना पुसूच नये. ही माती पाण्याने फुगते, चिकट होते आणि पुसताना लवेच्या मुळाशी जाऊन बसते. पूर्ण वाळू द्यावी, हाताने चुरावी, व्हॅक्यूम करावे. बहुतेक डाग तेवढ्यानेच निघून जातो.

आता पाण्याचे. बोअरचे पाणी जड. त्यात वडीचा साबण वापरला की फेस होत नाही, साबणाचा चिकट थर धाग्यावर बसतो आणि पुढची धूळ त्यावरच चिकटते. महिन्याभराने तिथे काळपट गोल दिसतो आणि लोक म्हणतात, डाग परत आला. म्हणून वडी वापरू नये, लिक्विडच घ्यावे, तेही मोजून. शेवटचे टिपणे जारच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावे. एका डागाला तांब्याभर पाणी पुरते.

दुसऱ्या दिवशी डाग खरेच वर आला तर तो पाठीत मुरलेला असतो. वरचा भाग वाळताना खालचे पाणी रंग घेऊन वर चढते. त्यावर पांढऱ्या फडक्याच्या सात-आठ घड्या ठेवून वर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर पाटा-वरवंट्यासारखे वजन रात्रभर ठेवावे. वर चढणारे पाणी घडीत उतरते. तागाच्या पाठीचा गालिचा भिजवला तर तागाचाच तपकिरी रंग वर येतो, तो डाग समजून पुन्हा धुऊ नये.

मेंदी लोकरीवर बसली तर निघत नाही, केसांवर बसते तशीच बसते. ती काढून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पानाचा डाग पांढऱ्या सुतीवर असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड चालते. औषध दुकानात ते बहुधा २० व्हॉल्यूमचे, म्हणजे साधारण ६ टक्क्यांचे मिळते. तेवढेच पाणी घालून, आधी कोपऱ्यात तपासून लावावे.

आणि कोणताही डाग निघत नाही म्हणून ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड कुणी मिसळू नये. क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. ही एक ओळ तरी ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

कळावे,
गालिचे-सतरंज्या धुणारे कारागीर, परभणी