तीन प्रांत वगळलेला बेरोजगारीचा दर

माननीय संपादक,
स. न.

आपत्तीनंतर मृतांचे आणि नुकसानीचे आकडे छापले जातात; परंतु आकडे गोळा करणारी यंत्रणाच कोलमडते तेव्हा काय करायचे, याची चर्चा क्वचितच होते. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमधील इवाते, मियागी आणि फुकुशिमा या प्रांतांत रोजगारविषयक मासिक पाहणी करणे कठीण झाले, तेव्हा तेथील सांख्यिकी विभागाने मार्च ते ऑगस्ट या महिन्यांचा राष्ट्रीय बेरोजगारीचा दर हे तीन प्रांत वगळून आणि तसे स्पष्ट नमूद करून जाहीर केला. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण ज्यांचा रोजगार लाटेत वाहून गेला, नेमके तेच त्या दरात मोजले गेले नव्हते. न्यूझीलंडने तर क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर ८ मार्च २०११ रोजी ठरलेली जनगणनाच रद्द करून ती २०१३ मध्ये घेतली.

जीडीपीबाबतचा, म्हणजे देशातील एकूण उत्पादनाच्या आकड्याबाबतचा, गैरसमज अधिक खोल आहे: आपत्तीतील नुकसान त्यातून वजा होते, असे अनेकांना वाटते. इमारती, रस्ते, बंदरे यांचे नुकसान जपान सरकारने सुमारे १६.९ लाख कोटी येन इतके अंदाजिले होते. आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीनुसार असे नुकसान जीडीपीतून वजा होत नाही, ते मालमत्तेतील बदलांच्या स्वतंत्र खात्यात नोंदले जाते. पुनर्बांधणी मात्र जीडीपीत धरली जाते. म्हणून आपत्तीग्रस्त देशाच्या विकासदराची बातमी देताना नष्ट झालेल्या मालमत्तेचा आकडाही आपण शेजारीच छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा