नऊ इंचांच्या वादात पडलेल्या काकूंना

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहायचं म्हटल्यावर तुम्ही दोन अटी घातल्यात. नाव घालायचं नाही आणि फार कौतुक करायचं नाही. पहिली अट पाळते आहे. दुसरीचं बघू.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या आणि शेजारच्या बागेमध्ये एकच सामाईक कुंपण होतं. लाकडी खांब, त्यांवर तारेची जाळी आणि जाळीवर कोणी लावली ते कुणालाच न आठवणारी मधुमालती. खांब जमिनीलगत कुजले आणि पावसाळ्यात त्यातले दोन आडवे झाले. (लाकूड नेमकं जमिनीलगतच का कुजतं, हे तुमच्याकडूनच कळलं. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. वर हवा आहे पण ओल टिकत नाही, खोलवर ओल आहे पण हवा पोचत नाही. दोन्ही मिळतात ते मातीच्या तोंडाशी.) शेजारच्या दादांनी ठरवलं की आता पक्की भिंतच घालायची, तीही सरळ रेषेत. जुनं कुंपण सरळ नव्हतं. मध्यावर बकूळ आहे, तिला वळसा घालून ते जायचं. दादांचं म्हणणं, त्या वळशाने त्यांची नऊ इंच जागा इतकी वर्षं आमच्याकडे राहिली. आमचं म्हणणं, सरळ भिंत घातली तर आमची नऊ इंच जाते, आणि वर बकूळही जाते.

पुढचं वेगळं सांगायला नको. आवाज चढले, मग बोलणं थांबलं, मग मुलांचं एकमेकांकडे जाणं थांबलं. ओळखीपाळखीचे सल्ले सुरू झाले. त्यात "आज गप्प बसलात तर उद्या सगळंच जाईल" हा सल्ला दोन्ही घरांना एकाच माणसाने दिला होता, हे नंतर कळलं.

तुम्हाला मध्ये कोणी बोलावलं, यावर अजून एकमत नाही. आमच्या सासूबाई म्हणतात त्यांनी, शेजारच्या वहिनी म्हणतात त्यांनी. तुम्ही मात्र येताना दोन्ही घरांना एकच सांगितलंत: "मी निरोप पोचवणार नाही. तुम्ही त्यांच्याबद्दल मला जे सांगाल ते माझ्यापाशी राहील. त्यांना सांगायचं असेल ते तुम्हीच सांगायचं, मी शेजारी बसेन." हे ऐकून तेव्हा मला थोडा रागच आला होता. मध्यस्थ म्हणजे आपली बाजू तिकडे नीट मांडणारं माणूस, अशी माझी समजूत. पण निरोप पोचवायचे नाहीत म्हटल्यावर टोमणेही पोचणार नव्हते, आणि निम्मा वाद तर टोमण्यांवरच पोसलेला होता.

मग तुम्ही नकाशा मागितलात. दोन्ही घरांकडे त्याच नकाशाची प्रत होती आणि दोन्ही घरांचा त्यावर गाढ विश्वास होता. आमचा विश्वास आमच्या बाजूने, त्यांचा त्यांच्या. तुम्ही नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलात, कोपऱ्यातलं प्रमाण वाचलंत, 1:500, आणि पिशवीतून जुनी ड्रॉइंगची पेनं काढलीत. ट्रेसर, म्हणजे नकाशे उतरवून काढणारी, म्हणून नोकरीला लागलेल्या बाईच्या पिशवीत ही पेनं अजून असतात, याचं मला फार अप्रूप वाटलं. 0.25, 0.35, 0.5, 0.7. प्रत्येकाने कागदावर एकेक रेघ ओढलीत आणि दादांना विचारलंत, नकाशातली हद्दीची रेघ यातल्या कोणत्या रेघेसारखी दिसते? दादांनी चष्मा लावून पाहिलं आणि 0.5 वर बोट ठेवलं. आम्हीही त्यावरच ठेवलं. त्या वर्षातलं ते आमचं पहिलं एकमत.

"म्हणजे अर्धा मिलिमीटर," तुम्ही म्हणालात. "याची जमिनीवर पाचशेपट करा. अडीचशे मिलिमीटर. पंचवीस सेंटिमीटर. जवळजवळ दहा इंच. तुमचे नऊ इंच या रेघेच्या पोटात आहेत. ती ओढणाऱ्याचा हात किंचित हलला असेल तर तेवढ्यानेही आहेत."

टेबलाभोवती कोणीच काही बोललं नाही. इतके दिवस आम्ही ज्या कागदाकडे बोट दाखवून भांडत होतो, त्या कागदाला आमचा प्रश्न ऐकूच जात नव्हता. मी पुढे याबद्दल थोडं वाचलं, तेव्हा कळलं की इंग्लंडच्या जमीन नोंदणीत हे कायद्यातच लिहिलेलं आहे. तिथल्या 2002 च्या कायद्यानुसार नोंदणीच्या नकाशातली हद्द ही सर्वसाधारण हद्द समजायची, वेगळी प्रक्रिया करून ती नेमकी ठरवून घेतलेली नसेल तर. म्हणजे नकाशा दाखवून इंचांवर भांडणारी आम्हीच पहिली नव्हतो.

मोजमापाचं तर विचारूच नका. दोन्ही घरांनी आपापल्या टेपने बाग मोजली होती आणि दोन वेगळे आकडे आले होते. त्यावरून "टेप ओढून मोजला", "मुद्दाम चुकीचा धरला" इथपर्यंत मजल गेली होती. तुम्ही दोन्ही टेप मागवलेत. आमचा जुना, कापडी, वापरून ताणलेला. ताणलेल्या टेपवरच्या खुणा लांब लांब गेलेल्या असतात, म्हणून तो खऱ्यापेक्षा कमी अंतर दाखवतो. त्यांचा पोलादी, उत्तम, पण तो जमिनीवर उतारासकट टेकवून मोजलेला. हद्द मोजायची ती आडव्या पातळीत, उताराच्या अंगाने नव्हे. आपल्या बागा दहा फुटांना एक फूट उतरतात. तेवढ्या उतारावर 15 मीटर अंतरामागे साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच, जास्तीचे दिसतात. कोणीही लबाडी केलेली नव्हती. दोन प्रामाणिक घरांनी दोन खोटे आकडे आणले होते.

मग तुम्ही मोजायला लावलंत, पण टेप स्वतः हातात घेतला नाहीत. एक टोक दादांच्या हातात, दुसरं आमच्या ह्यांच्या हातात. उतारावर टेप पातळीत धरायचा, ओळंबा सोडायचा, तुकड्यातुकड्याने पुढे जायचं. तुम्ही पायरीवर बसून आकडे लिहीत होतात. "जरा ताणा," दादा म्हणायचे. "ताणलाय," हे म्हणायचे. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांना कामापुरतं का होईना, सूचना देत होते. माझ्या मते अर्धी मोजणी त्यासाठीच होती. तुम्ही हे कधी कबूल करणार नाही.

मोजून हाती आलेली रेघ ना आमची होती, ना त्यांची. आणि तुम्ही तिथेच स्पष्ट केलंत की ही मोजणी घरगुती आहे, हिला कसलाही अधिकार नाही. इंचाचा हक्कच ठरवायचा असेल तर रीतसर सरकारी मोजणी मागवा, त्याला माझी हरकत नाही, पण नवं कुंपण कुठे बसवायचं हे ठरवायला तेवढ्याची गरज आहे का, ते आधी बघा. हा फरक आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात नव्हता. हद्द कुठे आहे हा एक प्रश्न. कुंपण कुठे असावं हा दुसरा. आम्ही दोन्हींची एकच गाठ मारून ती दोन्ही बाजूंनी ओढत होतो.

दादांना खरी भीती कशाची वाटत होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बारा वर्षांची. भारतात मुदत कायदा 1963 नुसार, दुसऱ्याच्या जागेवर कोणी उघडपणे, मूळ मालकाच्या हक्काला न जुमानता 12 वर्षं सलग ताबा ठेवला आणि मालकाने दावा केला नाही, तर मालकाचा परत मागण्याचा हक्क संपू शकतो. त्यांना कोणीतरी हे निम्मंच सांगितलं होतं. उरलेलं निम्मं तुम्ही सांगितलंत: ताबा परवानगीने असेल तर तो असा विरोधी ताबा ठरत नाही. म्हणून गरज होती ती भिंतीची नव्हे, एका वाक्याची. तुम्ही ते ज्या शब्दांत लिहिलंत ते इथे उतरवते, कारण ते इतरांच्याही कामी येईल: "हे कुंपण दोन्ही घरांच्या संमतीने, सोयीसाठी या जागी बसवले आहे. त्याच्या जागेवरून कोणाच्याही मालकीची हद्द ठरत नाही आणि त्यामुळे कोणी कोणाच्या जागेवर हक्क सांगणार नाही." तुम्ही आम्हाला ते एका वकिलांकडूनही बघून घ्यायला लावलंत. त्यांनी एक स्वल्पविराम बदलला.

ही भीती गेल्यावर दादांचा भिंतीचा आग्रह निम्म्याने सैल झाला. उरलेला कुत्र्यासाठी होता. त्यांचा कुत्रा जाळीखालून आमच्या वाफ्यांत यायचा आणि आम्ही कुरकुर करायचो. त्यांना ती कुरकुर कायमची बंद करायची होती. बिचाऱ्या दादांनी आमच्याच तक्रारीवर उपाय म्हणून भिंतीचा विषय काढला होता! हे ते कधी बोलले नव्हते, आणि "भिंत कशाला हवी?" असं साधं आम्ही कधी विचारलं नव्हतं. आम्ही थेट "कुठे घालताय?" पासून सुरुवात केली होती.

बकुळीबद्दल तुम्ही वाद घातलाच नाहीत. टेप खोडाभोवती गुंडाळलात, घेरावरून जाडी (व्यास) काढलीत, सुमारे 25 सेंटिमीटर, आणि त्याच्या बारापट, म्हणजे तीन मीटर त्रिज्येचं वर्तुळ चुन्याने जमिनीवर आखलंत. मोठ्या झाडाजवळ खणायचं असेल तेव्हा एवढं अंतर जपायचा ठोकताळा असतो, असं म्हणालात. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फूट मातीतच असतात आणि पानांच्या घेरापलीकडे दूरवर जातात. भिंतीला सलग पाया लागतो, सलग पायाला सलग चर लागतो, आणि तो चर एका बाजूची मुळं कापत जातो. दादांनी चुन्याच्या वर्तुळाकडे पाहिलं. त्यांच्या ओट्याचा कोपरा त्यात येत होता. मुळं कापलेलं झाड वाऱ्यात कुठल्या बाजूला पडेल, हे तुम्ही बोलला नाहीत. गरज नव्हती.

खांबांना मात्र चर लागत नाही. सुटे खड्डे, हाताने खणलेले, जाड मूळ लागलं तर खड्डा वीतभर सरकवायचा. बकुळीपाशी दोन खांबांमध्ये जास्त अंतर सोडलं आणि तिथे नुसती जाळी टांगली. बाकी ठिकाणी लाकडी पट्ट्या, पट्टीएवढीच फट ठेवून. दादांना बंद पत्रा हवा होता. तुम्ही सांगितलंत की बंद आडोशावरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरा होऊन आदळतो. अर्धं उघडं कुंपण वाऱ्याला अडवत नाही, मंद करतं, आणि त्यामुळे स्वतःही टिकतं. आमच्या वाफ्यांना ऊनही मिळालं. कुत्र्यासाठी खालची जाळी जमिनीत पुरून त्यांच्या बाजूला वळवली. खांबांच्या एकूण लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत घातला, आणि काँक्रीटचं तोंड उतरतं केलं, म्हणजे पाणी खांबापाशी थांबत नाही. खर्च निम्मा निम्मा. रंगाचा वाद झाला, पण तो चांगला वाद होता.

शेवटचं काम तुम्ही एकटीने केलंत. प्रत्येक खांबाची जागा कागदावर घेतलीत, दोन अंतरांनी: एक आमच्या जोत्याच्या कोपऱ्यापासून, दुसरं त्यांच्या. दोन पक्क्या बिंदूंपासून अंतरं माहीत असली की खांब उपटून नेला तरी त्याची जागा पुन्हा काढता येते, जुन्या माणसांच्या आठवणींवर विसंबावं लागत नाही. त्या आरेखनाखाली ते वाक्य, त्याखाली सह्या. प्रती तीन. अक्षर तुमचं, आणि रेघ, मी मुद्दाम भिंगातून पाहिलं, 0.25 ची.

आता आभार. तुम्ही कोण बरोबर हे सांगितलं नाहीत, याबद्दल आभार. मी दोनदा आडून विचारलं होतं, तरी सांगितलं नाहीत. दादांच्या संतापाबद्दल मी बोलायला लागले की तुम्ही "खांब किती लागतील?" असं विचारायचात, त्याबद्दलही. "शेजारधर्म" हा शब्द तुम्ही एकदाही उच्चारला नाहीत. उच्चारला असतात तर मी उठून गेले असते. आणि सह्या झाल्यावर तुम्ही येणं कमी केलंत. तेव्हा मला ते लागलं होतं. आता वाटतं, आमचं बोलणं तुमच्यावाचून चालू लागावं म्हणून ते असेल. नसेल तर या, सासूबाई वाट बघतात.

मधुमालती नव्या पट्ट्यांवर चढली आहे. बकुळीला धक्का नाही. मुलं जाळीच्या मोकळ्या भागातून एकमेकांच्या वह्या देतात, फाटक दहा पावलांवर असूनही.

हे पत्र पाठवण्याआधी शेजारच्या वहिनींना वाचायला दिलं होतं. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. कुत्र्याबद्दलची मी लगेच मान्य केली. दुसरी अशी की वाद नऊ इंचांचा नव्हताच, आठ इंचांचा होता. ती मला मान्य नाही. तुमच्या वहीत बघून कळवाल का?

तुमची,
बकुळीच्या अलीकडची