बॅगेच्या शिवणीतले अकरा दाणे

दुसऱ्या मजल्यावरच्या भाभींना,

तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही "चहा टाकते" म्हणून आत पळता. दोनदा झालं. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही, तेवढं पथ्य पाळते. बिल्डिंगमधल्यांना कळायचं ते कळेलच.

सौदीतल्या जुबैलहून येऊन आज नववा दिवस. नात अडीच महिन्यांची झाली, फोनवर दिसली की हात रिकामे वाटतात. पण हे पत्र नातीचं नाही, खसखशीचं आहे.

मुलीचं पहिलं बाळंतपण, तिला सासू नाही, जावई प्लांटवर बारा-बारा तास. जाणं भागच होतं. मी सौदीला निघालेय म्हटल्यावर सल्ले द्यायला कोण कोण पुढे आलं ते तुम्ही पाहिलंच. तिकीट काढून देणाऱ्या गृहस्थांनी बत्तीसशे रुपयांना दोन काळे बुरखे गळ्यात मारले आणि सूचनांचा एक झेरॉक्स कागद दिला. त्यात 'मोठ्याने हसू नये' हेसुद्धा होतं. भाच्याने कुठले कुठले व्हिडिओ पाठवले. जाऊबाई म्हणाल्या, टिकली काढ, मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेव. सगळ्यांना मी अंगावर काय घालणार याची काळजी. बॅगेत काय भरतेय हे एकानेही विचारलं नाही. उलट, "डिंकाचे लाडू झाले का?" एवढंच. लेकीलाही तिथे जाऊन जेमतेम वर्ष झालेलं, मसाले सगळे तिथल्याच दुकानातले. तिच्या हे गावीही नव्हतं.

तुम्ही वाटी परत करायला आला होतात. परातीत लाडू वळून ठेवलेले बघितलेत आणि विचारलंत, "वहिनी, यात खसखस आहे?"

"म्हणजे काय, चांगली पाव किलो," मी ऐटीत म्हटलं.

तुम्ही तिथेच ओट्याला टेकून खाली बसलात.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, हे शाळेत कधीतरी वाचलं होतं. पण आपल्याकडे ती किराणा दुकानात जिऱ्या-मोहरीच्या शेजारी असते, तिला कोण घाबरणार? तुम्ही सांगितलंत की सौदीत ती अमली पदार्थांत धरतात. अमिरातीत आणि कतारमध्येही तेच. आपली वकिलातच बजावते की आणू नका. मुठभर की चिमूटभर हा प्रश्नच येत नाही. मग तुम्ही माझी यादी मागितलीत आणि एकेक वस्तू बाजूला काढत गेलात. गोडा मसाला, कारण त्यात खसखस भाजून घालते मी. अनारसे. बाळगुटीच्या डबीतलं जायफळ, कारण तेही तिथे नेता येत नाही. आणि गुडघ्याची गोळी. "हिच्यात ट्रामाडॉल आहे, अफूच्या जातीचं वेदनाशामक, ही इथे चिठ्ठीवर मिळते, तिथे आधी परवाना लागतो. डॉक्टरांना विचारून बदलून घ्या." आजी-पणजीने ठरवलेला बाळंतिणीचा निम्मा खुराक आणि माझा गुडघा, दोन्ही मी कस्टमवाल्यांपुढे मांडायला निघाले होते.

तुम्ही एकोणीस वर्षं जुबैलला काढलीत हे मला ठाऊक होतं. चिपळूणकडचे किती लोक तिकडे असतात, त्यातले तुम्ही, एवढंच. विचारायला मात्र मी कधी आले नाही. त्यावर पुढे येतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतःची परात घेऊन आलात. लाडू नव्याने वळले. खसखशीच्या जागी काही घातलं नाही, खोबरं जरा जास्त खमंग भाजलं. मसाला तुमच्या मिक्सरमधून काढला, कारण माझ्या भांड्याचा तुम्हाला भरवसा वाटेना. इथवरचं कुणी चांगल्या शेजारणीने केलंही असतं.

मग तुम्ही बॅग मागितलीत. रिकामीच होती. मी म्हटलं, झटकलीय. तुम्ही म्हणालात, "दिवाळीत हिच्यातून काय नेलं होतंत?" बहिणीकडे अनारसेच नेले होते, पुण्याला. डबा वाटेत उघडला होता, हे माझ्या लक्षातही नव्हतं.

तुम्ही चमचाभर कणीक मागितलीत. घट्ट मळलीत, लिंबाएवढा गोळा केलात आणि चष्मा लावून जमिनीवर मांडी घातलीत. बॅगेचं अस्तर उलटं करून शिवणीवर, कोपऱ्यात, चेनच्या दात्यांवर तो गोळा दाबत दाबत पुढे सरकत होतात, लहान मुलाच्या अंगावरची पावडर टिपावी तसा. मधून गोळा उजेडाकडे धरून बघायचात. कणकेत पांढुरके दाणे रुतलेले. एक, दोन, चार. चाकाजवळच्या खाचेत तीन. मी बाजूला उभी राहून मोजत होते. अकरा झाले. तुम्ही तो गोळा बेसिनमध्ये नाही टाकलात, कागदात गुंडाळून खाली कचऱ्याच्या डब्यात स्वतः टाकून आलात. वर आल्यावर तुमचा श्वास लागला होता. मी विचारलं, अकरा दाण्यांसाठी एवढं? तुम्ही म्हणालात, "आमच्या वेळी एकाच्या आईने प्रेमाने पाठवलेली पुडी होती वहिनी. जाऊ दे." पुढचं सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही.

भाभी, माझ्या सख्ख्या माणसांनी माझ्यासाठी एवढं वाकून काही शोधलेलं मला आठवत नाही.

बाकीचं तुम्ही बोलता बोलता सांगितलंत, पण रोज उपयोगी पडलं. परदेशी बायकांना अबायाची, म्हणजे अंगभर पायघोळ झग्याची, सक्ती 2019 पासून नाही, लांब बाह्या आणि सैल कपडे पुरतात. तरी दवाखान्यात, सरकारी कचेरीत जाताना अंगावर असला तर आपल्यालाच मोकळं वाटतं. तुम्ही तुमचा मऊ, राखाडी अबाया दिलात. ते बत्तीसशेवाले दोन्ही नायलॉनचे, उन्हात घातले तर शिजून निघाले असते. टिकली मंगळसूत्र खुशाल घाला, म्हणालात. घातलं. कोणी वळूनही बघितलं नाही. सुट्टी शुक्रवार-शनिवारी. फोटो काढताना मागे कुणाची बाईमाणसं येत नाहीत ना ते बघायचं. पुरुषाने हात पुढे केला तरच हात मिळवायचा, नाहीतर छातीवर हात ठेवायचा. यंदा (2025) 1 मार्चला रमजान लागला, तेव्हा गाडीत पाण्याची बाटली तोंडाला लावायची नाही, हे तुमच्यामुळे अंगवळणी पडलेलं होतं.

दम्मामचा विमानतळ 776 चौरस किलोमीटरचा, असं जावई कौतुकाने सांगत होते, मुंबई मावून उरेल. माझ्या वाट्याला त्यातलं एक पोलादी टेबल आलं. मशीनमध्ये बॅग गेली आणि त्या कोवळ्या पोराने ती बाजूला घेतली. लाडवांचा डबा उघडला. एक लाडू उचलून नाकाशी नेला, उजेडाकडे धरला. अगदी तुमच्यासारखा! माझ्या पायातली शक्ती गेली. मग तुम्ही पाठ करून घेतलेला शब्द आठवला. "तमर," मी म्हटलं. खजूर. तो हसला, "तमर?" करून लाडू परत ठेवला, पण अस्तरात हात घालून सगळी शिवण चाचपली. त्याची बोटं चाकाजवळच्या खाचेपाशी पोहोचली तेव्हा मी मनातल्या मनात तुमचं नाव घेत होते. देवाचं नंतर आठवलं.

तिथे यंदा ईद 30 मार्चला झाली आणि पाडवाही त्याच दिवशी. गुढी हॉलमध्येच उभारली, पडद्याआड. आपलं मिरवायचं नाही, घरात कोणी डोकावत नाही, हेही तुमचंच वाक्य. शेजारची सिरियन बाई मामूल घेऊन आली, खजूर भरलेली नानकटाईच म्हणा. तिने गुढीकडे बघितलं, साडीच्या काठाला हात लावून "हिलू" म्हणाली. छान. मी तिला तुमच्या हातचा लाडू दिला.

आता ते, ज्याच्यासाठी हे पत्र चार दिवस अडलं होतं. सहा वर्षांपूर्वी तुम्ही फ्लॅट बघायला आलात तेव्हा सोसायटीची सभा झाली होती. वासाचा त्रास होईल, असं ज्यांनी म्हटलं त्यांच्या गॅलरीत दर रविवारी सुके बोंबील भाजतात. दोघंजण तुमच्या बाजूने बोलले. मी बोलले नाही. विरोधातही नाही, हे मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. कुकरवर भात होता म्हणून लवकर उठून गेले. तुम्हाला हे कळलं असणार, आपल्या बिल्डिंगमध्ये काही लपत नाही. तरी तुम्ही वाटी परत करायला आलात तेव्हा वाटीत शेवया होत्या.

राखाडी अबाया धुऊन इस्त्री करून ठेवलाय. तो परत द्यायला येते असं रोज ठरवते. खरं सांगायचं तर द्यायचा नाहीये. डिसेंबरमध्ये लेक पुन्हा बोलावतेय, आणि बॅग तपासायला तुम्हीच लागणार. कणीक मी मळून ठेवीन.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची वहिनी