पाऊस यायच्या आत

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमच्या दम्यासाठी हवा शुद्ध करायचं ते यंत्र सध्या घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. फोनवर हे सांगायला लागले की तुम्ही 'बरं बरं' करून फोन आईकडे देता, म्हणून लिहून पाठवते आहे.

यंत्र वाईट असतं असं नाही. चांगल्या यंत्रातलं हेपा गाळण, म्हणजे अगदी बारीक गाळणी, डोळ्याला न दिसणारे ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा शंभरातले ९९.९७ अडवतं. पण ते काम करतं दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत. आपली दारं सकाळी सहाला उघडतात ती रात्री जेवणं झाल्यावर मिटतात. शिवाय धूर घरातच निघतोय, भिंत घरातलीच ओली आहे, तिथे यंत्र लावणं म्हणजे कौलं न परतता गळतीखाली पातेलं ठेवणं. आधी धूर आणि ओल बघू. त्यानंतरही बाबांची छाती रात्री वाजत राहिली तर त्यांच्या एका खोलीपुरतं घेऊ. तेव्हाही 'ओझोन सोडतं' म्हणून कौतुक केलेलं यंत्र नको. ओझोनने दमेकऱ्याचा श्वास आणखी आवळतो.

आणि बाबा, घरात कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते, हा तुम्ही पाठवलेला मेसेज पाहिला. नासाचा तो अभ्यास १९८९ चा आहे आणि खरा आहे, पण तो हवाबंद पेट्यांमध्ये केलेला. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा घरात एरवी बाहेरची हवा ये-जा करून होते तितकी हवा झाडांनी साफ व्हायची तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत कुंड्या लागतील असं निघालं. कुंड्या ठेवा की, पण ओटीवर. खोलीत ओल्या मातीची भर नको.

आता भिंतीचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी खालच्या खोल्यांत शिरलं, आणि गणपती तोंडावर होते म्हणून ओल्या भिंतींवरच लांबी (पुट्टी) भरून प्लास्टिक रंग फासला गेला. पुराचं पाणी आता केव्हाच वाळलं असणार. आजची ओल जमिनीतून चढते, आणि वरचा रंग तिला बाहेर पडू देत नाही. म्हणून दर आषाढात जोत्यापासून कमरेपर्यंत पोपडे धरतात आणि त्यांच्यामागे ती काळी-हिरवी बुरशी. बाबांची कॉट नेमकी त्याच भिंतीला! बुरशीच्या बिया डोळ्याला दिसत नाहीत, पण श्वासातून आत जातात आणि दम्याला निमित्त देतात. पावसाळा आला की त्यांचा खोकला वाढतो तो नुसत्या गारव्याने नव्हे.

तर गवंड्याला आत्ताच बोलवा. गिलावा खालून चार फूट विटेपर्यंत खरवडून काढायचा आणि भिंत तशीच उघडी सोडायची. बिनरंगाची भिंत चार महिने बघवणार नाही हे मला माहीत आहे, आई, पण गणपतीला कुणी विचारलं तर माझं नाव सांग. रंग दिवाळीनंतर, भिंत खरोखर वाळली तर, आणि तोही चुन्याचा. त्याच माणसाकडून मागच्या बाजूची फुटलेली पन्हळ बदलून घ्या. पागोळ्यांचं पाणी जोत्यावर उडतं ते थांबल्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे. खरवडकाम चालू असेल ते दोन दिवस बाबांनी आत्याकडे राहायचं. ही विनंती नाही. ती धूळ त्यांच्या छातीत जाता कामा नये.

कॉट ओटीलगतच्या खोलीत हलवा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागे वारा खेळू दे. बाथरूमच्या कोपऱ्यातली थोडीशी बुरशी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसली तरी जाते, कोरड्या ब्रशने घासू नकोस. आणि संडास धुवायचं अॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो, धडधाकट माणसाचाही जीव घाबरा होतो.

गाद्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुम्हाला ही सगळ्यात क्षुल्लक गोष्ट वाटेल. घरातल्या धुळीने दमा का उठतो याचं उत्तर १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी शोधलं. धुळीत राहणारे अतिसूक्ष्म किडे, माइट. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून गळणाऱ्या मेलेल्या कातडीवर जगतात, आणि त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची अॅलर्जी येते. पाणी ते पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ते सुकून मरतात. पण आपल्या चिपळुणात पावसाळ्यात ५० टक्के आर्द्रता कुठून आणायची? तेव्हा हवेच्या मागे न लागता बिछान्याच्या मागे लागू. बाबांची ती सावरीच्या कापसाची जुनी उशी टाकून द्या, खरंच द्या. गादीला आणि नव्या उशीला चेन असलेली, घट्ट विणीची खोळ मी पाठवते. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या कढत पाण्यात भिजवायचे. आत्ता कडक ऊन आहे तोवर गाद्या अंगणात घालून झोडपून घ्या. उन्हाने किडे कमी होतात, पण त्यांची घाण आत राहतेच, म्हणून झोडपणं आणि खोळ दोन्ही लागतं. झोडपायला बाबा सोडून कुणीही. केर काढतानाही तेच. केरसुणीने उडालेली धूळ बराच वेळ हवेत तरंगते, तेवढ्या वेळात त्यांनी बाजारात एक चक्कर मारून यावी. जुने दिवाळी अंक झाकणाच्या पेटीत घाला. ज्यांना कुबट वास लागलाय ते रद्दीत. बाबा कुरकुरतील. कुरकुरू देत.

आता धुराकडे वळते. आई, हा भाग तुझा आहे आणि यात आपलं भांडण होणार.

डासांची कॉइल आजपासून बंद. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण मोजले, तर ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले. बाबांनी उभ्या जन्मात विडी ओढली नाही आणि रोज रात्री उशाशी हे! कडुनिंबाच्या पाल्याची धुरी 'नैसर्गिक' म्हणून चालेल, असं म्हणशील, तर नाही चालणार. लाकूड असो, पाला असो, शेणी असो, जळल्यावर जे कण निघतात ते फुप्फुसात खोल जातात, त्यांना कुठल्या झाडाचे आहोत ते ठाऊक नसतं. मच्छरदाणी लावा. खिडक्यांना जाळी मारून घ्या. मागची हौदी आठवड्याला कोरडी करा.

देवाजवळ निरांजन लाव, फुलं वाहा, घंटा वाजव. उदबत्ती आणि धूप मात्र तुळशीपाशी, अंगणात. कापूरही तिथेच.

पाणचूल मला सगळ्यात जास्त सलते, कारण बंबाचं पाणी तुम्हाला दोघांनाही आवडतं. पण न्हाणीला धुराडं नाही, आणि सोडणं, म्हणजे नारळाची सालं, पेटली की धूर थेट माजघरात येतो. गीझर बसवायला माणूस पाठवते. बिलाची काळजी करू नका, ते मी भरेन. तोवर सोडणं जाळायची असलीच तर चूल परसात मांडा.

साठवणीचा मसाला घरी भाजू नकोस, आई. मिरच्यांचा ठसका शेजारच्या घरापर्यंत जातो, बाबा तर चार भिंतींत असतात. भाजणं परसात कर किंवा सगळंच कांडप गिरणीत दे. रोजच्या फोडणीला ओट्यावरचा पंखा लाव. पण तो धूर बाहेर फेकणारा हवा, खोलीतच फिरवणारा नव्हे. झुरळांवर फवारा मारू नकोस, त्या वासाने धाप लागते. सांदीकोपऱ्यात जेलचे ठिपके लाव. झुरळांची विष्ठाही दम्याला चालना देते, तेव्हा रात्री खरकटं उघडं नको. कपाटातल्या डांबर गोळ्या काढून टाक.

बाबा, शेवटचं तुमच्याशी. वरचं सगळं केलं तरी दम्याचा रोज ओढायचा पंप सोडायचा नाही. बरं वाटतंय ते त्याच्यामुळेच वाटतंय. 'सवय लागते' हे तुमच्या कट्ट्यावरचं शास्त्र आहे, डॉक्टरांचं नाही. त्यातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि बहुतेक छातीतच काम करतं. गोळ्यांतून घ्यावं लागलं तर ते मिलिग्रॅममध्ये, आणि सगळ्या अंगाला. पंप स्पेसर, म्हणजे ती पुढे जोडायची नळी, लावून घ्यायचा, मग चूळ भरायची. स्पेसर कपाटात डब्यात आहे, शोभेला ठेवलेला. तातडीचा पंप पुन्हा पुन्हा लागायला लागला तर डॉक्टरांना दाखवून यायचं. बोलताना एक वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले किंवा पंप घेऊनही दम उतरेना, तर पंप घेत घेतच तडक हॉस्पिटल, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. आई, तू त्यांचं 'सकाळी बघू' ऐकायचं नाहीस.

खोळी आणि मच्छरदाण्या या आठवड्यात कुरिअरने येतील. आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळही त्यात आहे, ते बाबांच्या खोलीत टांगा आणि रोज आकडा मला कळवा. गवंडी काय मागतो तेही कळवा, घासाघीस मी करते.

तुमची लेक