उसाच्या ट्रॉलीची पिन तपासल्याशिवाय पहिली खेप नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यांच्या बॉयलर पेटवण्याच्या तारखा कानावर यायला लागल्या की आमच्या भागातल्या वेल्डिंग वर्कशॉपांपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. पलूस तालुक्यात माझे असेच एक वर्कशॉप आहे. फाळके बदला, तळाला नवा पत्रा मारा, बाजूचे पाइप उंच करा, रंग द्या, अशी कामे गाडीमालक हौसेने सांगतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉली ज्या एका पिनेवर जोडलेली असतात, ती पिन बघायला मात्र फारसे कोणी सांगत नाही.

५० एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनांचा. त्याच्या मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या म्हणजे पंधरा-वीस टन सहज होतात. हा सगळा ओढा ट्रॅक्टरच्या हुकातल्या एका पिनेवर येतो, आणि तो सारखा एकसमान नसतो. गिअर टाकला की हिसका, खड्डा आला की हिसका, ब्रेक लावला की मागून धक्का. पिन आणि ट्रॉलीच्या पुढच्या दांडीची रिंग यांत फट जास्त असेल तर प्रत्येक हिसक्याला पिनेवर घण बसतो. महिन्या-दोन महिन्यांत पिन मधोमध झिजून तिला कंबर पडते. वरून डोके शाबूत दिसते, म्हणून कोणी ती उपसून बघत नाही.

गेल्या हंगामात आमच्या भागात पुलाच्या चढावर मागची ट्रॉली सुटली आणि उलटी घरंगळत चारीत गेली. मागे त्या क्षणी कोणी मोटारसायकलवाला नव्हता, एवढेच नशीब. तुटलेला तुकडा माझ्याकडे आणला तेव्हा तो बांधकामाच्या सळईचा निघाला. मूळ पिन हरवली म्हणून कोणीतरी तात्पुरती घातलेली सळई तशीच राहून गेली होती. सळई काँक्रीटमध्ये ताण घ्यायला असते, हुकात आडवा मार खायला नसते. पिन ईएन ८ सारख्या चांगल्या पोलादाची, लेथवर भोकाच्या मापाने काढलेली हवी. ती उसळून निघू नये म्हणून खाली तिला आर क्लिप किंवा लिंच पिन हवी, तारेचा वेढा किंवा खिळा नको. झिजलेल्या पिनेवर वेल्डिंगचा भराव टाकून द्या म्हणणारे बरेच येतात. मी ते काम करत नाही. अशा पोलादावर तसेच वेल्डिंग मारले की जोडाजवळ ते ठिसूळ होते आणि पिन न वाकता काडकन तुटते. नवी पिन काही शे रुपयांत होते. ट्रॉलीभर उसाची किंमत प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ आहे.

दुसरी ट्रॉली जोडायची तर पहिल्या ट्रॉलीच्या मागचे हुक चासीच्या मुख्य चॅनेलला पक्के धरलेले हवे. मागच्या आडव्या पट्टीला नुसते डागलेले हुक मी किती तरी पाहिले. शिवाय पिनेला जोड म्हणून साखळी हवीच. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन न्यायच्या आणि दोन्ही बाजूंना चासीला अडकवायच्या, पिनेला किंवा हुकाला नाही. वळणापुरती ढिलाई ठेवायची, पण रस्त्याला घासता कामा नये. पिन गेली तरी दांडी त्या फुलीवर पडते, जमिनीत रुतत नाही.

गाडी रुतली की साखळी टॉपलिंकच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या, जागी अडकवून ओढायची सवय तर जिवावरची आहे. ओढ मागच्या आसाच्या वर गेली की पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटा येतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. ओढायचे ते खालच्या हुकालाच.

ब्रेकबद्दल लिहावे तेवढे थोडे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, सगळा भार दोन टनांच्या ट्रॅक्टरने थोपवायचा. शेतात आखूड वळण घ्यायला डावा-उजवा ब्रेक वेगळा लागतो, पण रस्त्यावर येताना दोन्ही पायडल पट्टीने जोडलेच पाहिजेत. एकच पायडल दाबले गेले तर ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि मागच्या ट्रॉल्या त्याला ढकलत नेतात. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या पोरांना घरच्यांनीच दटावावे. नवीन ट्रॉली घेणाऱ्यांनी ब्रेकवालीच घ्यावी, आणि ट्रॅक्टर तो ब्रेक चालवू शकतो का हे आधी बघावे.

रिफ्लेक्टर कारखाने वाटतात, ते चांगलेच आहे. पण खाली लोंबणाऱ्या वाढ्यांत ते झाकून जातात. चढावर चाकामागे लावलेले दगड रस्त्यातच टाकून पुढे जाणारेही आपलेच लोक आहेत. अंधारात त्या दगडावर कोणाचा पोरगा आपटेल याचा विचार कोणी करतो का? चाकाला लावायची लाकडी ओट दोरीने ट्रॉलीलाच बांधून ठेवावी.

माझी मागणी कारखान्यांच्या शेती विभागांकडे आहे. वाहतुकीचा करार करताना ट्रॅक्टरची कागदपत्रे बघता, तशीच पिन उपसून बघा. बॉयलर पेटल्यापासून गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू होईपर्यंत मधे थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत कारखान्याच्या गट ऑफिसवर ट्रॉल्या बोलवा. पिन, रिंग, साखळी, पायडलची पट्टी आणि मागचा दिवा बघून शिक्का द्या, आणि शिक्का नसेल तर पहिल्या खेपेची स्लिप देऊ नका. गाडीमालकाने उचल घेतलेली असते, त्यामुळे कारखान्याचा शब्द तो टाळत नाही. पोलीस आणि आरटीओ रस्त्यावर गाडी अडवतात तेव्हा ती भरलेली असते आणि मागे रांग लागलेली असते. तिथे पिन कोण उपसणार?

आमच्या गटात अशी तपासणी ठरली तर मापाचा गेज घेऊन मी येईन आणि दिवसभराची मजुरी घेणार नाही.

आपला,
एक वर्कशॉपचालक वाचक
ता. पलूस, जि. सांगली