दोनच गणितं सुटली म्हणून

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी पटनम, म्हणजे कॉलेजच्या मुलांची ती गणिताची स्पर्धा, देऊन रात्री फोनवर म्हणालीस, "आई, सहा तासांत दोनच गणितं सुटली. हे सगळं करून नोकरीला काय उपयोग?" आणि ठेवून दिलास. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सावकाश लिहिते.

आधी त्या दोन गणितांचं. पटनमला बारा गणितं, प्रत्येकी दहा गुण, आणि अर्धवट उत्तराची एक-दोन गुणांवर बोळवण. 120 पैकी मध्यक शून्य आला अशीही वर्षं झाली आहेत. म्हणजे निदान निम्म्या मुलांना भोपळा, आणि ही मुलं काही गणिताला घाबरणारी नव्हेत! बाबा म्हणतात, भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन 1939 साली पहिल्या पाचांत होता ते सांग. मी गणितज्ञ जॉन नॅशचं सांगते. तो पहिल्या पाचांत नव्हता, आणि 1994 साली अर्थशास्त्राचं नोबेल घेऊन गेला.

आता उपयोग. मी इतकी वर्षं मुलाखती घेतेय. अर्जांचा गठ्ठा असतो, एकेकाला जेमतेम मिनिट मिळतं. त्यात अशा स्पर्धेतला क्रमांक दिसला की हात थांबतो, हे खरं. शेअर बाजारात गणिताच्या जोरावर व्यवहार करणाऱ्या कंपन्या तर अशी मुलं शोधतच असतात. त्यांच्या मुलाखतीतली संभाव्यतेची कोडी म्हणजे तुमच्या सरावातल्या गणितांची चुलत भावंडं. पीएचडीच्या प्रवेशालाही क्रमांक नजरेत भरतो, पण तिथे शिफारसपत्राचं वजन जास्त. तुला आठवडाभर एकाच गणिताशी झुंजताना ज्या सरांनी पाहिलंय, त्यांना लिहायला काहीतरी असतं. (आणि स्पर्धेच्या नादात ॲनालिसिसचा पेपर बुडवलास, तर तो खड्डा कुठलंही पदक भरत नाही.)

पण अर्जातल्या त्या ओळीची मजल मुलाखतीच्या खोलीपर्यंतच. मागच्या वर्षी एक मुलगा आला होता. फळ्यावर अर्धी सिद्धता लिहून झाली होती, मी मान डोलावत होते, आणि तो मध्येच थांबला. "नाही, एन सम असेल तर हे कोसळतं," म्हणाला आणि स्वतःच सगळं पुसून टाकलं. मला ती चूक दिसलीच नव्हती! त्याला घेतला. अर्जात स्पर्धेचं नाव होतं, क्रमांक कितवा ते मी नंतरही पाहिलं नाही. ही खोड त्याला तिथेच लागली असणार, कारण 'जवळजवळ बरोबर'ला तिथे कुणी विचारत नाही.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. कामावरचं गणित सहा तासांत संपत नाही. महिने जातात, आणि उत्तर आहे की नाही हेसुद्धा कुणी सांगत नाही. झटपट युक्ती सुचणाऱ्या काही हुशार मुलांना मी तिथे कंटाळून जाताना पाहिलंय. आणि चार-पाच वर्षं नोकरी झाली की स्पर्धेचं कुणी विचारतही नाही.

दुपारच्या पेपरातल्या तिसऱ्या गणिताला, त्या बी-थ्रीला, शेवटच्या दहा मिनिटांत वाट दिसली होती म्हणालीस ना? ते पुरं कर आणि फोटो पाठव. मला सगळं कळेलच असं नाही, बाबांना तर नाहीच. तरी पाठव.

तुझी,
आई